मॉडेल रेल्वेची लोको शेड: आखणीपासून तेलाच्या शेवटच्या डागापर्यंत

लोको शेड, म्हणजे इंजिनांच्या देखभालीची जागा, करायची म्हटलं की पहिला हात इमारतीच्या किटकडे जातो. इमारत उभी राहते, तिच्या दारापर्यंत दोन-तीन मार्ग येतात, आजूबाजूला चार पिंपं आणि दोन माणसं लागतात. सगळं नीटनेटकं दिसतं, तरी इथे काम चालतं असं काही वाटत नाही. शेड म्हणजे मुळात कामांची साखळी. इमारत हा त्या साखळीतला एक टप्पा. इंजिन कुठून आत येतं, कुठे आणि कशासाठी थांबतं, कुठून बाहेर पडतं हे एकदा पक्कं केलं, की रूळ कसे टाकायचे, तपासणीचा खड्डा कुठे घ्यायचा, दिवा कुठे लावायचा, इतकंच काय, तेलाचा डाग कुठे पाडायचा हेसुद्धा त्यातूनच ठरतं.

खाली दिलेली मापं एचओ म्हणजे १:८७ प्रमाणाच्या मॉडेलसाठी आहेत. एन म्हणजे १:१६० मध्ये काम करत असाल तर प्रत्येक माप साधारण ५४ टक्के करा. प्लास्टिक शीटची जाडी मात्र हिशेबाने कमी करू नका, नाहीतर भिंती वाकतील.

आधी इंजिनाचा दिवस कागदावर मांडा

डिझेल इंजिन मुख्य मार्गावरून सुटून शेडच्या आगमन मार्गावर येतं. तिथून इंधनाच्या जागी जातं. डिझेल भरता भरताच वाळूच्या पेट्या भरल्या जातात, इंजिन ऑइल आणि शीतक पाण्याची पातळी बघितली जाते. मग पिटवर, म्हणजे तपासणीच्या खड्ड्यावर, जाऊन ब्रेकचे ठोकळे, चाकं, खालचे पाइप यांची तपासणी होते. सगळं ठीक असेल तर इंजिन तयार मार्गावर जाऊन पुढच्या गाडीची वाट बघतं. काही बिघाड असेल तर ते शेडच्या आत जातं.

यात वेळेचा फरक फार महत्त्वाचा आहे. इंधन भरणं हे थोड्या वेळाचं काम, तर बोगी, म्हणजे खालची चाकांची चौकट, बदलायला घेतलेलं इंजिन दिवसेंदिवस जागचं हलत नाही. म्हणून इंधनाचा मार्ग दोन्ही टोकांना खुला हवा. तिथे एकामागून एक इंजिनं येतात आणि पुढच्या बाजूने निघून जातात. दुरुस्तीचे मार्ग एका टोकाला बंद असले तरी चालतं. अनेक मांडण्यांमध्ये इंधनाचा पंप बंद टोकाच्या मार्गावर दिसतो. मग आत आलेल्या प्रत्येक इंजिनाला मागे यावं लागतं आणि तोवर बाकीची खोळंबतात. खऱ्या शेडमध्ये असली अडचण कुणी मुद्दाम करून ठेवणार नाही.

वाफेच्या इंजिनाचा क्रम वेगळा असतो. आधी कोळसा, मग भट्टी साफ करून राख खड्ड्यात टाकणं, समोरच्या धूरकक्षातली काजळी काढणं, पाणी, वाळू, टर्नटेबलवर म्हणजे फिरत्या पुलावर तोंड फिरवणं आणि शेवटी छपराखाली. राखेच्या खड्ड्याजवळच पाण्याची सोय लागते, कारण तापलेली राख विझवायची असते. शिवाय ती उचलून न्यायला वाघिण्यांचा एक मार्गही जवळ हवा.

विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये छपरावरची उपकरणं तपासायला उंच मचाण असतं आणि तिथल्या डोक्यावरच्या विद्युत तारेचा प्रवाह वेगळा तोडता येतो. तार बंद करून जमिनीशी जोडल्याशिवाय कुणीही वर चढत नाही. म्हणून अशा मार्गाच्या तोंडाशी तारेत तोडणारा इन्सुलेटर, खांबावर आयसोलेटरचा दांडा आणि मचाणाच्या जिन्याला कुलपाचं फाटक दाखवायला विसरू नका. हे तीन छोटे तुकडे लावले की बघणाऱ्याला त्या जागेचे नियम कळतात.

काळही इथेच ठरवून टाका. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरची नियमित वाफ १९६८ साली संपली, पश्चिम जर्मनीत १९७७ साली. वाफेकडून डिझेलकडे जातानाचा काळ निवडला तर गोल शेडच्या काजळलेल्या कमानीखाली नवंकोरं डिझेल इंजिन उभं करता येतं, बाजूला घाईघाईने टाकलेली इंधनाची टाकी दाखवता येते. मला स्वतःला हा संक्रमणाचा काळ सगळ्यात जास्त आवडतो. जुन्यावर नवं कसं बसवलं गेलं ते त्यात उघड दिसतं.

आता इंजिनाच्या मापाच्या पट्ट्या पुठ्ठ्यातून कापा. २० मीटरचं इंजिन एचओमध्ये २३० मिमी होतं. पॉइंटच्या, म्हणजे एका मार्गाचे दोन फुटतात त्या रुळांच्या तुकड्याच्या, कागदी प्रती पूर्ण आकारात छापून फळीवर पसरा आणि पट्ट्या हातानेच ढकलून बघा. तीन इंजिनं एकाच वेळी आत असताना चौथं आलं तर कुठे थांबेल? पिटवरचं इंजिन बाहेर काढायला दुसरं हलवावं लागतं का? एक संध्याकाळ हा खेळ खेळलात तर पुढे रूळ उखडायची वेळ येत नाही.

जागेचा हिशेब

मध्यम त्रिज्येचा पॉइंट साधारण २२ सेंमी जागा खातो. दोन पॉइंट एकापुढे एक टाकून तीन मार्ग निघतात, म्हणजे ४४ सेंमी तिथेच गेले. शेडच्या दारापुढे निदान एका इंजिनाच्या लांबीएवढी मोकळी जागा सोडा, सुमारे २५ सेंमी, म्हणजे दाराबाहेर उभं असलेलं इंजिन शेजारच्या मार्गाच्या आड येणार नाही. दोन इंजिनं मावतील अशी शेड ५२ सेंमी. पॉइंटच्या अलीकडे एका इंजिनापुरता आगमन मार्ग २५ सेंमी. बेरीज दीड मीटरच्या जवळ जाते. एनमध्ये हेच काम ८० ते ९० सेंमीत बसतं.

जागा कमी पडत असेल तर शेड छोटी करा, दारापुढची मोकळी जागा कापू नका. सगळं काम दिसतं ते त्या जागेतच.

बाजारातल्या पॉइंटांमुळे दोन मार्गांच्या मध्यरेषांत ५० मिमीच्या आसपास अंतर राहतं. बाहेर ते चालतं. आत मात्र ते वाढवून ७० मिमी करा, म्हणजे प्रत्यक्षातले सहा मीटर. मध्ये मचाण, जॅक, हातगाडी आणि २० मिमी उंचीचा माणूस मावायला हवा.

पाया आणि पिट

पिट खोलात जाते, म्हणून पायाचा विचार तिच्यापासून करा. ६ मिमी प्लायवर ५० मिमी जाडीचा एक्सपीएस (थर्मोकोलसारखा, पण दाट) फोम चिकटवणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. हलकं होतं आणि सुरीने हवा तसा खड्डा कापता येतो. फोमला द्रावक असलेला गोंद लावू नका, तो फोम विरघळवतो. पांढरा पीव्हीए गोंद वापरा आणि वजन ठेवून रात्रभर वाळू द्या.

पिट ही प्लास्टिक शीटची लांबट पेटी म्हणून टेबलावर स्वतंत्र तयार करायची आणि मग खाली बसवायची. आतली रुंदी १३ मिमी, खोली १५ मिमी, लांबी सर्वात मोठ्या इंजिनापेक्षा ५ सेंमी जास्त. भिंतींसाठी १.५ आणि २ मिमीच्या शीट एकमेकींना चिकटवा. भिंत साडेतीन मिमीची होते, पेटीची बाहेरची रुंदी २० मिमी भरते आणि १६.५ मिमी गेजचे (म्हणजे आतल्या अंतराचे) दोन्ही रूळ नेमके भिंतींच्या माथ्यावर येतात. टोकाला सात पायऱ्या घ्या, प्रत्येक जेमतेम २ मिमी उंच आणि ३ मिमी रुंद. तळाला मधोमध किंवा एका कडेने बारीक गटार कोरा. खऱ्या पिटमध्ये तेल आणि पाणी सतत साचतं, त्याला वाट लागतेच.

रूळ भिंतीवर बसवणं हा या सगळ्या बांधकामातला कसोटीचा भाग आहे. साध्या गोंदाने बसवलेला रूळ काही महिन्यांनी उठतो आणि गेज बिघडतं. त्यावर एक खात्रीचा मार्ग आहे. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीचे (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीचे) ४ मिमी लांबीचे तुकडे कापा. रूळ उलटा धरून टेबलावरच दर ४० ते ५० मिमीवर एक तुकडा त्याच्या तळाला डाग देऊन (सोल्डर करून) पक्का करा. मग भिंतीच्या माथ्यावर त्याच अंतरावर १.६ मिमी खोल खाचा पाडा आणि रूळ तुकड्यांसकट इपॉक्सीने त्या खाचांत बसवा. डाग आधी देण्याचं कारण सरळ आहे: जागेवर सोल्डरिंग केलं तर खालची प्लास्टिकची भिंत वितळेल. तुकडे दोन्ही रुळांना वेगवेगळे असल्याने शॉर्ट होण्याचा प्रश्न येत नाही आणि पिटवर आडवं काही दिसतही नाही.

इपॉक्सी ओली असतानाच गेज लावा. आधी एक रूळ पूर्ण वाळू द्या, दुसरा त्याच्या मापाने बसवा. पिटच्या काठावर रुळाचा जोड येऊ देऊ नका, तो निदान ४ सेंमी बाहेर घ्या. जोड काठावर आला तर चाक तिथे हमखास उडी मारतं.

रूळ बसवण्याआधीच पिट आतून रंगवून घ्या, नंतर ब्रश पोहोचत नाही. भिंती पांढऱ्या ठेवतात, कारण खाली काम करणाऱ्याला उजेड हवा असतो. तळाशी काळपट तपकिरी रंग आणि तिथून वर चढत गेलेले डाग. भिंतीत छोटे कोनाडे कोरून त्यात ०६०३ या अगदी छोट्या आकाराचे एलईडी बसवले, तर वर इंजिन उभं असताना त्याच्या पोटाखालून जो उजेड बाहेर येतो त्यावर नजर खिळते. त्यांच्या तारा पेटीच्या तळातून खाली काढा.

रूळ आणि वीज

शेडमध्ये इंजिन गोगलगायीच्या चालीने चालतं. मुख्य मार्गावर वेगात निभावून जाणारी विजेची प्रत्येक कमतरता इथे उघडी पडते. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार द्या, जोडपट्ट्यांच्या भरवशावर राहू नका. फळीखाली १.५ चौरस मिमीची मुख्य तार आणि तिला जोडणाऱ्या ०.३ ते ०.५ चौरस मिमीच्या आखूड तारा पुरतात.

पॉइंटचं मधलं नाक, म्हणजे फ्रॉग, धातूचं आणि विद्युतभारित घ्या आणि त्याची ध्रुवता पॉइंट मोटरच्या स्विचने बदला. चार चाकांचं छोटं शंटिंग इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर अडकतंच.

डीसीवर, म्हणजे रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करून, चालवत असाल तर प्रत्येक उभ्या जागेला एका रुळात तोड आणि एक स्विच हवा, नाहीतर एक इंजिन हलवताना बाकीचीही निघतील. डीसीसीमध्ये, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश जातो त्या पद्धतीत, त्याची गरज नसते, तरीही मी प्रत्येक मार्गाला स्विच ठेवतो. शॉर्ट कुठे आहे ते शोधताना एकेक मार्ग बंद करत जाता येतं आणि नुसत्या उभ्या असलेल्या इंजिनांचे आवाजही शांत करता येतात. टर्नटेबल असेल तर पूल अर्धा वळल्यावर ध्रुवता उलटते. डीसीसीत त्यासाठी ती आपोआप जुळवणारा ऑटो रिव्हर्सर बसवा.

वायरिंग झाली की प्रत्येक मार्गाच्या शेवटच्या टोकाला दोन्ही रुळांवर नाणं ठेवून बघा. डीसीसीचे आदेश देणाऱ्या कमांड स्टेशनने ताबडतोब प्रवाह तोडला पाहिजे. तोडला नाही तर तारा बारीक आहेत किंवा कुठला जोड कच्चा आहे. ते सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका, शॉर्टमध्ये इंजिनातला आदेश वाचणारा डीकोडर जळू शकतो.

मग तुमच्याकडचं सर्वात लांब आणि सर्वात आखूड इंजिन प्रत्येक मार्गावरून सर्वात कमी वेगाने पुढे आणि मागे न्या. वाघीण ढकलत नेऊन पाहा. फरशी टाकली की दुरुस्ती दहापट अवघड होते.

फरशी आणि खडी

शेडच्या आत आणि इंधनाच्या जागी रूळ काँक्रीटमध्ये बुडालेले असतात. प्लास्टर ओतून हे करता येतं, पण त्याची पूड गिअरमध्ये जाते आणि पुढे तडे पडतात. माझा कौल प्लास्टिक शीटला. कोड ८३ या मापाचा रूळ २.१ मिमी उंच असतो. स्लीपरवर १.५ मिमी जाडीची शीट ठेवली की ती रुळाच्या माथ्यापेक्षा ०.६ मिमी खाली राहते आणि तेवढं खाली हवंच. समपातळीत घेतली तर रूळ साफ करताना फरशीचा रंग निघतो आणि एखादं चाक फरशीवर टेकून संपर्क तुटतो.

दोन रुळांमधली पट्टी १३.५ मिमी रुंद कापा, दोन्हीकडे दीड मिमीची फट चाकाच्या कडेसाठी राहते. जुन्या इंजिनांच्या चाकांच्या कडा खोल असतात, म्हणून पट्टी चिकटवण्याआधी तुमच्याकडचं सर्वात जुनं इंजिन फिरवून घ्या. रुळाला धरणाऱ्या खुंट्या स्लीपरवर थोड्या वर आलेल्या असतात, त्यासाठी पट्टीच्या खालच्या कडा तिरक्या तासा. पॉइंटच्या हलत्या भागाजवळ फरशी अजिबात नेऊ नका.

काँक्रीट एका ओतात होत नाही. दर ५० ते ५५ मिमीवर सुरीच्या पाठीने रेघ ओढा, तो सांधा. एखाद्या चौकोनाचा रंग किंचित वेगळा ठेवा, नंतर खणून बुजवलेल्या पाइपच्या जागेसारखा.

बाहेरच्या मार्गांवर खडी बारीक आणि काळपट हवी. दाण्याचा आकार अर्ध्या मिमीच्या आसपास असला की पुरे, आणि ती स्लीपरच्या माथ्यापर्यंत भरलेली असते, कारण माणसं तिथून सतत चालतात. रुळांच्या बाजू आधी तपकिरी रंगवून घ्या. खडी पसरून तिच्यावर अल्कोहोल मिसळलेलं पाणी फवारा, मग पीव्हीए आणि पाणी समभाग, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब, असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या पात्यांजवळ खडी कोरडीच ब्रशने लावा आणि गोंद अगदी थेंबभर.

इमारत

शेडच्या खांबांमधलं अंतर प्रत्यक्षात सहा मीटरच्या जवळपास असतं. ५२ सेंमी लांबीत ६५ मिमीचे आठ गाळे नीट बसतात. दार ५० मिमी रुंद, ६० मिमी उंच. वरची विद्युत तार आत जात असेल तर उंची ७० पर्यंत न्या.

मोठ्या दुरुस्तीच्या गाळ्यात वर फिरती क्रेन असते. ती इंजिनाच्या डोक्यावरून जायला हवी, म्हणून तिचे तुळईमार्ग सात मीटरवर, म्हणजे ८० मिमीवर आले आणि छपराची कड १०० मिमीच्या पुढे गेली. रोजच्या तपासणीच्या गाळ्याला एवढ्या उंचीची गरज नसते. दोन गाळ्यांना दोन उंचीची छपरं दिली की इमारतीचा आकार त्या कामातून आला आहे हे लांबूनही कळतं. तयार किट वापरत असाल तरी दोन किट वेगवेगळ्या उंचीला जोडून हे साधता येतं.

पत्र्याच्या भिंतीला पन्हळीचं अंतर ०.९ मिमी असलेली शीट शोधा. ती पातळ असते, म्हणून मागे १.५ मिमीची साधी शीट लावा. दोन थर चिकटवताना द्रावकाची वाफ अडकून भिंत महिन्याभराने फुगते. मागच्या शीटला आधीच भोकं पाडून ठेवली तर वाफ निघून जाते. सुरी दाबून एकदाच चालवण्याऐवजी हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा, कड सरळ येते आणि बोटंही शाबूत राहतात.

छप्पर उचलता आलं पाहिजे. आत एवढं काम करून ते झाकून टाकण्यात काही अर्थ नाही आणि आत घसरलेलं इंजिनही कधीतरी काढावं लागणारच. ३ मिमीचे निओडिमियम चुंबक खांबांच्या माथ्यावर आणि कैच्यांच्या टोकांना बसवा. प्रत्येक जोडीची बाजू बसवण्यापूर्वी तपासा. छपरात पारदर्शक पत्र्यांच्या पट्ट्या ठेवा आणि त्या धुळीने पिवळसर करा. डिझेल शेड असेल तर छपराच्या कण्यावर उंचवटा देऊन धूर जायची वाट दाखवा. वाफेच्या शेडमध्ये प्रत्येक मार्गावर लांब धुराडं असतं आणि त्याच्या आसपासचं लाकूड पूर्ण काजळलेलं.

आतल्या भिंती वर फिकट आणि खाली माणसाच्या छातीपर्यंत गडद रंगवतात. मळ तिथेच लागतो.

दिवे

१२ व्होल्टवर पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. उरलेले ९ व्होल्ट रेझिस्टरने खायचे. पूर्ण २० मिलिअँपिअरवर लावलेला एलईडी या मापात डोळ्याला टोचतो. ४ मिलिअँपिअर धरा, ९ भागिले ०.००४ म्हणजे २२५० ओहम, म्हणून २.२ किलोओहमचा रेझिस्टर. क्रमाने तीन एलईडी जोडले तर ३ व्होल्टच उरतात, तेव्हा ७५० ओहम.

रंग काळाप्रमाणे घ्या. जुन्या बल्बचा उजेड २७०० केल्विन, आवारातले सोडियम दिवे गडद केशरी, आतल्या ट्यूब ४००० च्या आसपास, आजचे एलईडी त्याहून पांढरे. एकाच शेडमध्ये सगळे दिवे एका रंगाचे ठेवू नका. ऑफिसची खिडकी पिवळी, आतला गाळा पांढरा आणि बाहेरचा खांब केशरी असला की रात्रीचं दृश्य उठून दिसतं. भिंतीतून उजेड झिरपू नये म्हणून आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या.

वेल्डिंगचा लुकलुकणारा निळसर एलईडी हवा असेल तर तो एका कोपऱ्यात, अर्धवट आडोशाला ठेवा आणि अधूनमधूनच चालू होऊ द्या.

मळ कुठे आणि का

इथे घाई करू नका. शेडमधला प्रत्येक डाग कुठल्या तरी कामाचा असतो आणि सगळीकडे सारखा काळा फिरवला तर आधीची सगळी आखणी त्याखाली गाडली जाते.

काँक्रीटचा मूळ रंग पांढरा, थोडा काळा आणि चिमूटभर गेरूपिवळा मिसळून करा, शुद्ध राखाडी थंड दिसतो. तो वाळल्यावर पातळ तपकिरी धुवण देऊन सांध्यांमध्ये उतरू द्या. मग कोरड्या ब्रशने फिकट रंग फक्त कडांवर. त्यावर सॅटिन वॉर्निश.

आता एकेक जागा घ्या. आगमन मार्गावर इंजिनं ब्रेक लावतात, तिथे रुळांच्या बाजूंवर आणि खडीवर गंजाच्या रंगाची पूड. इंधनाच्या जागी दोन रुळांमध्ये गळती धरणारे ट्रे, त्यांच्या भोवती ओलसर काळपट पट्टा, नळीच्या टोकाखाली वेगळा डाग. वाळू भरण्याच्या जागी फिकट पिवळसर ढिगुल्या, रुळांच्या बाहेरच्या अंगाला, कारण वाळूच्या पेट्यांची तोंडं सहसा कडेला असतात. तयार मार्गावर इंजिनं रोज त्याच ठिकाणी उभी राहतात, म्हणून तेलाचे ठिपके इंजिनाच्या लांबीच्या अंतराने पुन्हा पुन्हा येतात. धुण्याच्या जागी फरशी उलट स्वच्छ, कडेला हिरवट शेवाळ आणि क्षाराच्या पांढऱ्या रेघा. शेडच्या दाराशी फोर्कलिफ्टच्या टायरचे वळणारे पट्टे.

तेलाचा एक डाग जवळून बघू. ऑइल कलरमधला गडद तपकिरी रंग थोडासा पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवा, म्हणजे त्यातलं जादा तेल शोषलं जाईल. तो व्हाइट स्पिरिटने पातळ करून बारीक ब्रशने थेंब टेकवा, कडा कोऱ्या स्पिरिटने ओलसर करा आणि पसरू द्या. वाळल्यावर मध्यभागी दुसरा, आणखी लहान आणि गडद थेंब. यावर मॅट वॉर्निश मारा, हा झाला जुना डाग. शेवटी त्याच जागी ग्लॉस वॉर्निशमध्ये काळपट तपकिरी मिसळून एक ठिपका ठेवा, हा आज सकाळचा. जुन्यावर नवा डाग चमकताना दिसला की ही जागा वर्षानुवर्षं वापरात आहे हे पटतं. शुद्ध काळा रंग कुठेही वापरू नका. खिडक्या उघड्या ठेवा, पावडर वापरताना आणि एअरब्रश चालवताना मास्क लावा.

माणसं, अवजारं आणि उचललेलं इंजिन

एक गाळा असा ठेवा की ज्यातलं इंजिन कधीच हलत नाही. मोटर जळालेलं किंवा चाकं गेलेलं जुनं मॉडेल त्यासाठी उत्तम. त्याचं अंग चार जॅकवर उचला. प्रत्येक जॅक ३० मिमीच्या आसपास उंच, खाली रुंद बैठक, आत लपवलेली १.५ मिमी पितळी सळई, खरा भार तिच्यावर. अंग नेहमीच्या उंचीपेक्षा १४ ते १५ मिमी वर राहिलं की चाकांची बोगी खालून सरकून बाहेर येऊ शकते असं दिसतं. बोगी एका इंजिनाच्या अंतरावर पुढे त्याच रुळावर उभी करा. तिच्या मोटरच्या तारा सोडवलेल्या असतात, म्हणून अंगाच्या पोटाखाली चार-पाच बारीक काळ्या तारा लोंबत्या ठेवा आणि टोकांना कापडी पट्टीचा पांढरा ठिपका द्या. चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर. इंजिनाच्या पुढे लाल फलक: माणसं काम करत आहेत, हलवू नका.

बाकी वस्तू त्यांच्या कामाजवळच ठेवा. ब्रेकचे नवे ठोकळे पिटच्या काठाशी, चाकांच्या जोड्या बाहेरच्या छोट्या मार्गावर, काही गंजलेल्या आणि काहींचे काठ नुकते कातलेले, चकचकीत. इंधनाची टाकी बुटक्या भिंतीच्या हौदात उभी करा. टाकी फुटली तर सगळं तेल आत मावायला हवं, म्हणून हौदाची क्षमता टाकीपेक्षा जास्त ठेवण्याचा दंडक बऱ्याच ठिकाणी असतो. त्यामुळे तुमचा हौदही टाकीच्या मानाने भरपूर मोठा दिसू द्या. तिथेच अग्निशामक आणि वाळूच्या लाल बादल्या.

माणसं कमी ठेवा. धावणाऱ्या, हात उंचावलेल्या मुद्रा टाळा, त्या कायमच्या गोठल्यासारख्या वाटतात. वाकलेला, नोंदवहीत लिहिणारा, पिटमधून फक्त डोकं वर आलेला माणूस अनेक महिने बघितला तरी खटकत नाही. पिटमधल्या माणसाचे पाय कापून टाकायची गरज नाही, १५ मिमी खोलीत २० मिमीचा माणूस पूर्ण उभा राहतो आणि डोकं बरोबर रुळाच्या वर येतं.

सगळं चिकटवून झालं की रुळांचे माथे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. पावडर आणि वॉर्निशचा थर तिथे नक्की बसलेला असतो. पिटवरून कापड नेताना रूळ वर न खेचता लांबीच्या दिशेनेच हात चालवा. नंतर पहिलं इंजिन आगमन मार्गावर घ्या, डिझेल भरण्यापुरतं थांबवा, पिटवर न्या आणि तिथून तयार मार्गावर काढा. कुठेही हाताने धक्का द्यावा लागला तर ती जागा खडूने खूण करून ठेवा आणि छप्पर बसवण्याआधी तिथली तार किंवा जोड पुन्हा तपासा.